ठशावर पाय

टेनिसच्या पंचाची खुर्ची एवढी उंच कशासाठी, असं मला कॉलेजातली पोरं विचारायची. दोन्ही बाजूंचं कोर्ट नीट दिसावं म्हणून, हे पुस्तकातलं उत्तर झालं. त्या खुर्चीवर निम्मं आयुष्य काढल्यावर माझं उत्तर वेगळं आहे. खालची माणसं जे बोलतात ते वर पोचेपर्यंत थोडं तरी विरावं, म्हणून ती उंच असते. आणि ते अजिबात विरत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

मी निसार शिकलगार. सांगलीत एका कॉलेजात खेळाचा मास्तर होतो. त्या पदाला कागदावर चांगलं लांबलचक नाव आहे, पण सगळे मास्तरच म्हणायचे आणि मलाही तेच बरं वाटायचं. आमच्या घराण्याचा धंदा विळ्या-सुऱ्यांना धार लावायचा. हळदीच्या पेठेजवळचं दुकान थोरला भाऊ अजून चालवतो. मी तेवढा टेनिसच्या नादाला लागलो, आणि खेळाडू म्हणून हात तोकडे पडल्यावर पंच झालो. खेळता न येणाऱ्याला खेळाजवळ राहायची एवढी एकच जागा असते.

बाहेरच्यांना वाटतं, पंच म्हणजे वर बसून आकडे पुकारणारा माणूस. आकडे पोरंसुद्धा पुकारतात. पंचाचं खरं काम म्हणजे, जे आपल्याला दिसलंय आणि जे आपल्याला वाटतंय, या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. आपल्या गावची पोर समोर खेळत असली की किती अवघड जातं, ते पुढं सांगतो.

आमचं विद्यापीठ आणि श्रीलंकेतलं एक विद्यापीठ यांच्यात एक वर्ष सोडून एक वर्ष टेनिसच्या लढती होतात. दोघांचीही नावं लिहीत नाही. एकाला राग येईल म्हणून, आणि दुसऱ्यानं मला प्रेमानं जेवू घातलंय म्हणून. कधीकाळी दोन कुलगुरूंची कुठल्याशा परिषदेत दोस्ती झाली आणि त्यातून हे सुरू झालं. एकदा आमच्याकडं, एकदा त्यांच्याकडं. आमच्याकडं म्हणजे कधी साताऱ्यात, कधी सांगलीत. दोस्तीतून सुरू झालेली ही गोष्ट पुढं पक्की खुन्नस झाली. दोन्हीकडची पोरं वर्षभर बाकी कुणाकडून हरली तरी चालेल, पण यांच्याकडून हरायचं नाही, या जिद्दीनं खेळायची.

आमच्याकडच्या तयारीचं काय सांगावं. गावात फलक लागायचा, त्यावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द हत्तीएवढा, त्याखाली पुढाऱ्यांचे फोटो, आणि खेळाडूंची नावं कुठंच नाहीत. रेषेवर लक्ष ठेवायला प्राध्यापक मंडळी बसवायची. एक इतिहासाचे प्राध्यापक होते, ते आपल्या पोराचा बॉल बाहेर गेला की चष्मा पुसायला घ्यायचे. पाहुण्यांना आमचा ठेचा खाऊ घालून रडवायचं, असाही एक बेत दरवेळी असायचा. पण लंकेची माणसं तिखटाला कसली घाबरतात. त्यांनी ठेचा भातात कालवून खाल्ला आणि अजून आहे का विचारलं. वाढणाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

आता ठशाची गोष्ट. मातीच्या कोर्टवर बॉल पडला की त्याचा ठसा उमटतो. बॉल आत की बाहेर यावर वाद झाला, तर खेळाडू पंचाला म्हणू शकतो, ठसा बघा. पंच खुर्चीवरून उतरतो, रेषेपाशी जाऊन वाकतो, ठसा रेषेला टेकलाय का बघतो आणि निर्णय देतो. यात एक पोटनियम आहे. ज्याच्या बाजूला ठसा आहे त्या खेळाडूनं तो पायानं पुसला, तर पॉइंट समोरच्याचा. कारण उघड आहे. पुरावा पुसणाऱ्याला फायदा मिळता कामा नये.

हा पोटनियम मी पहिल्यांदा साताऱ्यात वापरला. अजिंक्यताऱ्याकडून वारं असं सुटलं होतं की बॉल वर गेला की कुठं पडेल याचा भरवसा नव्हता. त्यांचा एक उंचपुरा मुलगा खेळत होता. आमच्या मुलाचा फटका त्याच्या मागच्या रेषेजवळ पडला. रेषेवरचा माणूस बाहेर म्हणाला, आमचा मुलगा म्हणाला ठसा बघा, आणि मी उतरेपर्यंत त्या लंकेच्या मुलाचा बूट ठशावरून फिरलेला. तो म्हणाला, मुद्दाम नाही केलं, वळताना पाय लागला. चेहरा बघून मला ते खरं वाटलं. तरीही मी पॉइंट आमच्या मुलाला दिला. त्यांचे मॅनेजर होते परेरा, पिकल्या केसांचे शांत गृहस्थ. त्यांनी येऊन विचारलं, मुलाचा हेतू तसा नव्हता, याचा काहीच विचार नाही का? मी म्हणालो, "नियमाला पाय दिसतो, मन दिसत नाही."

स्वतःच्या या वाक्यावर मी फार खूश होतो. आम्ही ती लढत जिंकलो. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख वीरकरसाहेब यांनी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "पंच असावा तर असा. बापाला सोडायचा न्हाई." पाय आणि मनाचं ते वाक्य माझं म्हणून पुढं प्रत्येक समारंभात सांगितलं गेलं. आणि परेरांनी राग धरला नाही. उलट, आमच्याकडच्या पुढच्या खेपेला सांगलीत लढत ठरली तेव्हा त्यांनीच कळवलं, की खुर्चीवर साताऱ्याच्या लढतीतला तोच माणूस असू द्या, तो नियमानं वागतो. मला केवढा अभिमान वाटला होता. आता वाटतं, त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तर बरं झालं असतं.

सांगलीच्या त्या लढतीत आमच्याकडून खेळणार होती सारिका. आटपाडीची. आटपाडीत टेनिस कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल, तर ते वाघमोडे गुरुजींमुळं आलं. हे तिथल्या शाळेतले शिक्षक, माझे जुने स्नेही. त्यांनी शाळेमागच्या माळावर मुरूम आणि विटांची भुकटी टाकून, पोरांना घेऊन रूळ ओढून कोर्ट केलं. मी कित्येक रविवार एसटीनं तिथं जाऊन त्यांच्याशी खेळलोय.

मातीच्या कोर्टला पाणी लागतं. रोज शिंपडलं नाही तर वरचा थर सुटतो, आणि जिथं बॉल आपटतो किंवा बूट घासतो तिथं खळगा पडतो. आणि आटपाडीत माणसाला प्यायला पाणी नसायचं, तिथं कोर्टला कुठलं. सारिकाचे वडील, दादा, पाण्याचा टँकर चालवायचे. वाडीवस्तीवर पाणी देऊन झालं की टाकीच्या तळाशी जे चार हंडे उरायचे, ते कोर्टवर सोडायचे, तेही रोज नाही. म्हणून गुरुजींनी कडक शिस्त घातली होती. पॉइंट संपला की ज्याच्या पुढ्यात माती उखडली त्यानं ती लगेच पायानं दाबून सारखी करायची, मगच पुढचा बॉल. जिंकला असाल तरी, हरला असाल तरी. पाहुणा असला तरी सुटका नाही. मी एकदा विसरलो, तर गुरुजी जाळीपलीकडून म्हणाले, "मास्तर, मागं बघा की. घाण करून कुठं चाललासा?" तेव्हापासून माझाही पाय आपोआप फिरायला लागला. सारिका तर लहानपणापासून त्याच कोर्टवर वाढली. आपण जेवल्यावर ताट उचलतो, तसं तिचं ते होतं.

त्या दिवशी सांगलीत काय पणाला लागलं होतं तेही सांगतो. देशातल्या विद्यापीठांचा मिळून जो संघ परदेशी जातो, त्याची निवड करणारे एक गृहस्थ पुण्याहून आले होते. त्यांनी वीरकरसाहेबांना स्पष्ट सांगितलं होतं, ही पोर जिंकली तर नाव पुढं जाईल, हरली तर माझ्या हातात काही नाही. त्या संघातून एकदा खेळलं की खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरीचा रस्ता मोकळा होतो. टँकर चालवणाऱ्याच्या घरात ही केवढी गोष्ट असते, हे सांगायला नको. दादा टँकरला सुट्टी देऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत येऊन बसले होते. गुरुजी त्यांच्या शेजारी.

बाकीच्या मॅच होऊन दोन्ही संघ बरोबरीत होते. सारिकाच्या मॅचवर सगळं अडलं होतं. समोरची लंकेची मुलगी चांगली होती, पण सारिका त्या दिवशी काही वेगळंच खेळत होती. तिसऱ्या सेटमध्ये तिनं आघाडी घेतली आणि शेवटच्या पॉइंटपर्यंत आली. हा एक मिळाला की मॅच तिची.

त्या मुलीनं जीव खाऊन फटका मारला. बॉल सारिकाच्या मागच्या रेषेपलीकडं पडला. रेषेवरचा माणूस बाहेर म्हणाला. तो बाहेरच होता. मी खुर्चीवरून पाहिला, स्वच्छ बाहेर. लोक उठून उभे राहिले, शिट्ट्या, टाळ्या. दादांनी गुरुजींना मिठी मारली. कुठलीही दुसरी पोर असती तर रॅकेट फेकून जाळीकडं पळाली असती. सारिका आधी मागं वळली, जिथं बॉल पडला होता तिथं दोनदा पाय फिरवून माती सारखी केली, आणि मग हसत हसत पुढं आली.

जाळीपलीकडं लंकेच्या मुलीनं बोट वर केलं होतं. ठसा बघा, असं तिचं म्हणणं होतं. तिलाही आशा नसावी, शेवटचं म्हणून मागितलं असणार. तो तिचा हक्क होता.

मी खुर्चीवरून उतरलो. रेषेपाशी गेलो. तिथं बुटाचं वर्तुळ होतं, आणि आत गुळगुळीत माती. वाकायचंही कारण नव्हतं, तरी मी वाकलो, कारण उभं राहिल्यावर काय बोलावं लागणार ते मला कळलं होतं.

वीरकरसाहेब कोर्टच्या कडेला येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "शिकलगार, पॉइंट परत खेळवा. तिचं काय तसं मनात न्हवतं. कुणाचं काय जातंय?"

पलीकडं परेरा उभे होते.  नुसते माझ्याकडं बघत होते, आणि मला साताऱ्यातलं माझंच वाक्य ऐकू येत होतं. परत खेळवा, हे मी म्हणू शकलो असतो का? नियमात ती सोय नाही. बाहेरच्या कुणी ठसा पुसला, कुत्रं आडवं गेलं, तर पॉइंट परत खेळवता येतो. खेळाडूनं स्वतः पुसला तर नाही. त्यांच्या मुलाचं मन मी पाहिलं नव्हतं, मग आमच्या मुलीचं कसं पाहू? मी खुर्चीवर चढलो आणि पॉइंट लंकेच्या मुलीला दिला.

 सारिकाला कळायलाच थोडा वेळ लागला. ती खुर्चीखाली आली आणि म्हणाली, "सर, म्या काय केलं?"

मी सांगितलं, "ठसा पुसलास."

"पुसला न्हाई सर. माती दाबली."

मी म्हणालो, "खेळ सुरू करा."

मॅच अजून संपली नव्हती. त्या गेममध्ये बरोबरी झाली होती, एवढंच. तिच्या हातात सगळं होतं. पण त्यानंतर जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. प्रत्येक पॉइंटनंतर तिचा पाय उचलला जायचा आणि ती तो मधेच अडवायची. मग बॉल खेळता खेळता ती खाली बघायला लागली, आपण कुठं पाय देतोय म्हणून. बॉलवरचं लक्ष उडालं आणि पायावर बसलं. जी पोर त्या मुरमावर डोळे झाकून पळायची, ती दुसऱ्याच्या घरात आल्यासारखी जपून चालायला लागली. थोड्याच वेळात ती हरली. आम्ही लढत हरलो. पुण्याचे गृहस्थ चहा न घेता गेले.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाइल. कुणीतरी तो फटका टिपला होता, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या जिल्ह्यात फिरला. वीतभर बाहेर. मला तो दाखवायला लोक दुकानात यायचे, जणू मी पाहिलाच नव्हता. भावाला म्हणायचे, "तुझ्या भावाच्या डोळ्यांना जरा धार लाव गड्या." साताऱ्यात ज्यांनी खांद्यावर हात टाकला होता, ते वीरकरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "नियम, नियम. आपल्या माणसाचं वाटुळं करायला बरा नियम सापडतो ह्यास्नी." मागून कुणीतरी माझ्या आडनावावरून बोललं. काय बोललं ते इथं लिहीत नाही. आमचं दुकान तीन पिढ्यांचं आहे. बोलणाऱ्याच्या घरच्या विळीलाही आम्हीच धार लावली असेल.

त्यातलं काही मला लागलं नाही असं म्हणणार नाही. लागलं. पण खरं लागलं ते एकाच माणसाचं. गेटपाशी दादा उभे होते. इस्त्रीचा शर्ट गुरुजींच्या मिठीनं चुरगळलेला. ते चिडलेले नव्हते. हळूच म्हणाले, "आवं सर, तुमी आमच्या कोर्टावर कितींदा खेळलाय. ती पाय का फिरवती, तुमाला ठावं हुतं की."

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

"मग बोलला का न्हाई?"

खुर्चीवर बसल्यावर मला काही ठाऊक नसतं, असं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. त्या माणसानं प्यायचं पाणी त्या मातीवर ओतलं होतं. त्याच्यापुढं मला माझं शहाणपण दाखवायचं नव्हतं.  गुरुजींनी नुसता माझा हात धरला आणि सोडला. पुढं आम्ही कधी एकत्र खेळलो नाही.

मला पुन्हा खुर्चीवर बोलावलं गेलं नाही. निवृत्त झालो, तेव्हा निरोपाच्या भाषणात ते साताऱ्याचं वाक्य कुणी म्हटलं नाही. आज कुणी विचारलं, पुन्हा तीच वेळ आली तर काय कराल, तर मी तोच निर्णय देईन. हे मी हट्टानं म्हणत नाही. दुसरा निर्णय होताच कुठं? पण बरोबर असूनही कुणाचं तरी वाटोळं होतं, आणि त्याचा दोष नियमाकडं जात नाही, खुर्चीवरच्या माणसाकडं येतो, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. ते लिहून ठेवायला हवं होतं.

या वर्षी वाघमोडे गुरुजी गेले. त्यांच्या घरी भेटून आलो, आणि परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून शाळेमागं गेलो. कोर्ट होतं. सारिकाही होती. लग्न झालंय, शाळेत कंत्राटावर खेळ शिकवते. मला बघून ती आली, नमस्कार केला, "कवा आलासा?" विचारलं. 

कोर्टकडं नजर गेली आणि मी चरकलो. सगळीकडं खळगे. गुरुजींचं ते कोर्ट किती सपाट असायचं. मी विचारलं, आता पोरं माती दाबत नाहीत का?

"खेळताना न्हाई," ती म्हणाली. "म्याच बंद केलं. खेळ संपला की समदी मिळून दाबत्यात. तवर पाय लावायचा न्हाई."

बॉल खळग्यावर पडून वेडावाकडा उडत होता. 

दोन मुली खेळत होत्या. मी मागच्या रेषेच्या बाजूला कडुनिंबाच्या सावलीत उभा होतो. एक फटका आला आणि माझ्यासमोर, रेषेजवळच पडला. पलीकडची पोरगी ओरडली, "आत हाय." अलीकडची म्हणाली, "भाईर हाय की." सारिका बघायला जाळीकडून निघाली.

पोचण्याआधीच ती म्हणाली, "सर, पाय."

मी खाली पाहिलं. माझा बूट ठशावर होता. अर्धी माती मी दाबून सारखी केली होती. कधी केली, मला समजलं नाही.

सारिका उकिडवी बसली आणि उरलेला अर्धा ठसा बघत राहिली. आयुष्यभर मी निर्णय दिले. त्या वेळी, म्हातारपणी, पहिल्यांदा एका निर्णयाची वाट बघत उभा होतो.

ती उठली. "परत खेळा," ती म्हणाली.

अलीकडच्या पोरीनं तोंड वाकडं केलं. "आवं ताई, भाईर हुता की."

"आसंल. पर ह्यात तुझी बी चूक न्हाई आन् तिची बी न्हाई. परत खेळा."

मग तिनं माझ्या कोपराला धरून मला दोन पावलं मागं घेतलं. "तुमी हितं हुबं ऱ्हावा, सर," म्हणाली, आणि जाळीकडं गेली.

मी उभा राहिलो. पोरींनी पॉइंट परत खेळला. चार-सहा फटके झाले, एकीचा बॉल जाळीत गेला, दुसरी हसली, आणि दोघी पुढच्या पॉइंटला लागल्या. परत खेळायला एवढाच वेळ लागतो.